मणी गप्प आहे

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायला आता माणूस लागत नसे. ते काम यंत्राच्या हातांनी कधीच आपल्याकडे घेतलं होतं. काळी वाळू मात्र अजून माणसांच्याच अंगावर बसायची, आणि पाळी सुटली की मोल्डिंग विभागातले वीसेक गडी मागच्या हौदावर उघड्या अंगानं आंघोळीला उभे राहायचे. प्रत्येकाच्या कमरेला करदोडा. कुणाचा नवा, कुणाचा विटका, एखाद्याचा चांदीचा. दिग्विजय पोवारच्या कमरेलाही होता. काळा, तिपदरी, मागच्या बाजूला एक लहानसा काळा मणी ओवलेला. त्याकडे आजवर कुणी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं, आणि यंत्र बनवणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं.

कारण तो करदोडा नव्हता. पुरुषाची गेलेली ताकद परत आणणारं एक उपकरण होतं, आणि कोल्हापुरातल्या एका संशोधन केंद्रात त्याची चाचणी चालू होती. आधी त्यांनी कमरेचा पट्टा करून पाहिला होता. पट्टा घालायला माणसं तयार होईनात. बायकोला काय सांगू, आंघोळीला गेल्यावर दोस्तांना काय सांगू, हाच एक प्रश्न. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथल्या बाप्याच्या कमरेला जन्मापासून दोरा असतोच, त्यातच यंत्र विणू या. अर्ज करणाऱ्यांची रांग लागली.

दिग्विजयचं वय चव्वेचाळीस. साखरेचा आजार नऊ वर्षांचा. गेली तीन वर्षं नवरा-बायकोच्या मध्ये एक उशी असायची, आणि ती कुणी ठेवली हे दोघांनाही सांगता आलं नसतं. मुलगी पुण्याला वसतिगृहात. घरात दोघंच, आणि दोघंही एकमेकांशी पाहुण्यासारखी वागत होती. 'मनात हाय गं, अंग साथ देत न्हाई,' असं त्यानं सुरुवातीला दोन-चारदा सांगून पाहिलं. सारिका 'व्हय' म्हणायची. तिचा त्यावर विश्वास नव्हता. आपण आता त्याला आवडत नाही, तो चांगला माणूस आहे म्हणून साखरेचं नाव पुढं करतो, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

सारिका एस.टी.त वाहक. नोकरीला लागली तेव्हा तिकीट न काढलेला माणूस ती नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायची. पन्नास माणसांत बरोबर त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची, आणि आगारात तिच्या नजरेची चेष्टाही व्हायची, धाकही असायचा. पुढं गाड्यांना नवे दरवाजे आले. माणूस आत शिरतानाच दरवाजा त्याचं तिकीट वाचतो, नसलं तर ओरडतो. वाहकानं चेहरे बघायची गरजच उरली नाही. दहा वर्षं झाली त्याला.

चार महिन्यांपूर्वी दोघं पहिल्यांदा डॉक्टर शबनम मुजावर यांच्यासमोर बसली. डॉक्टर पन्नाशीच्या, बोलायला स्वच्छ. बाईमाणसासमोर हा विषय म्हणून दिग्विजय कानापर्यंत लाल झाला होता. डॉक्टरांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"मनात येतं, तसा मेंदूतून एक निरोप निघतो," त्या म्हणाल्या. "पाठीच्या कण्यातून तो खाली येतो. तुमच्या साखरेनं शेवटच्या नसा झिजवल्यात, त्यामुळे निरोप निघतो, पण पोचत नाही. हा दोरा माकडहाडापाशी कान लावून बसतो. निरोप ऐकू आला की मोठा करून पुढे धाडतो. एवढंच त्याचं काम."

"आणि निरोप निघालाच न्हाई तर?" सारिकानं विचारलं.

"तर दोरा गप्प बसेल. तो इच्छा तयार करत नाही. असलेली पोचवतो."

"म्हंजे दोरा गप्प, तर मनातच न्हाई."

डॉक्टर समोरच्या पडद्यावर काहीतरी भरत होत्या. "ढोबळमानानं, हो," त्या म्हणाल्या.

त्यातला 'ढोबळमानानं' हा शब्द त्या खोलीतच राहिला. 'हो' तेवढा सारिका घरी घेऊन आली.

चाचणीचा पहिला टप्पा होऊन गेला होता. त्यात निम्म्या लोकांना खोटे दोरे बांधले होते, तुलनेसाठी, आणि तुमचा दोरा खोटा असू शकतो हे त्यांना आधीच सांगितलं होतं. या दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांचे दोरे खरे. दर पंधरवड्याला केंद्रावर जायचं, मण्यात साठलेली नोंद वाचून घ्यायची. दोरा आपल्या हातानं काढायचा नाही. आणि जोडीदारानं एक वही लिहायची, जी चाचणी संपल्यावरच उघडली जाईल.

दोरा चालू आहे हे समजावं म्हणून एक लहानशी सोय केलेली होती. निरोप ऐकू आला की मणी हलकेच थरथरायचा. मांजर मांडीवर घुरघुरतं, तेवढाच. दुसऱ्या आठवड्यातल्या एका रविवारी दुपारी सारिकाचा हात त्याच्या पाठीमागं गेला, मण्यावर पडला, आणि मणी तिच्या तळव्याखाली थरथरू लागला. ती रडायला लागली. दिग्विजय घाबरला. दुखलं का काय, म्हणून विचारू लागला.

"तुमी खरंच म्हणत हुता," ती म्हणाली. "मनात हुतं तुमच्या."

पुढचं सगळं जमलं त्या दुपारी, तीन वर्षांनी. पण तिच्या लेखी ते नंतरचं होतं. तिला हवी होती ती गोष्ट मण्यानं तिच्या तळहातावर ठेवली होती.

त्यानंतरचे दोन महिने घरात सण असल्यासारखे गेले. ती कामावरून येताना कधी भडंग आणायची, कधी उगीचच त्याच्या टकलाकडे झुकलेल्या डोक्यावर टपली मारायची. उशी कपाटात गेली. माणसाला आणखी काय पाहिजे? पण दिग्विजयच्या मनात हळूहळू एक बारीक कुसळ शिरलं. सारिका जवळ आली की आधी तिचा हात मण्यावर जायचा. थरथर लागली की मगच ती त्याच्या तोंडाकडे बघायची. एकदा तो नुसताच म्हणाला, "आज लई छान दिसाय लागलीस." तिनं हसून हात मागं नेला, मणी चाचपला, आणि मग म्हणाली, "व्हय की." दोऱ्याचा हेवा वाटावा अशी वेळ आपल्यावर येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण वाटला. आणि हे कुणाला सांगणार?

मग आबा गेले. दिग्विजयचे वडील. गावी, बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना.

दहाव्या दिवशी सगळी भावकी पंचगंगेच्या घाटावर जमली. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला नाही, तेवढं एक बरं झालं. पुरुषांनी डोकी भादरून घेतली, नदीत बुडी मारली आणि ओलेत्यानं पायऱ्यांवर ओळीनं बसले. चाळीस तरी असतील. दिग्विजय रडून रडून रिकामा झाला होता. पुढं काय आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्याचे चुलते आण्णा एका हातात काळ्या दोऱ्याची गुंडी आणि दुसऱ्या हातात कातर घेऊन ओळीत पुढं सरकत होते. दहाव्याला सुतकातला करदोडा तोडायचा, नदीत सोडायचा, नवा बांधायचा. हा पुरुषांपुरता रिवाज, बायका तेव्हा घरीच. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. दिग्विजयच्या ते लक्षात आलं तेव्हा आण्णा त्याच्या पाठीशी उभे होते.

"आण्णा, माझा ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

"का रं?"

शेजारी चुलतभाऊ, मागं मेहुणे, पुढं सगळं गाव. चाळीस ओली डोकी त्याच्याकडे वळली. काय सांगणार होता? कुठला आजार सांगणार होता? करदोडाच आहे, असं जगाला भासवण्यासाठी तर तो बनवला होता, आणि करदोड्याचं दहाव्याला जे होतं तेच त्याचं होणार होतं. संशोधन केंद्रातल्या एवढ्या हुशार माणसांपैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नाही. आणि दिग्विजयच्याही आलं नाही. ते मात्र त्याला पुढं फार लागलं, कारण तो तर इथलाच होता.

कातर किंचित अडखळली. "नायलॉनचा घातलास व्हय?" आण्णा करवादले. "सुती घालावा माणसानं." आणि कच्‌ करून दोरा तोडून त्यांनी पाण्यात टाकला. मण्याच्या वजनानं तो लगेच बुडाला.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं सारिकाला सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. डॉक्टर थोड्या रागावल्या असत्या, दुसरा दोरा मिळाला असता. तो सांगणारही होता. पण घाटावरून वर येताना पूजेच्या सामानाचं दुकान लागलं. तिथं लाकडी मण्यांच्या माळा टांगलेल्या. त्यातला एक काळा मणी हुबेहूब तसाच होता. दिग्विजय बराच वेळ तिथं उभा राहिला. बापाच्या दहाव्याला असलं मनात यावं याची त्याला लाजही वाटली. पण ते कुसळ आता चांगलंच टोचू लागलं होतं. दोन महिन्यांत अंगाला सवय लागली असेल. नसा जाग्या झाल्या असतील. आणि यंत्राशिवाय जमलं, तर ते आपलं असेल, निव्वळ आपलं. मग तिला सांगू, की बघ, हा लाकडाचा मणी आहे. तेव्हा ती आधी आपल्या तोंडाकडे बघेल.

त्यानं मणी घेतला आणि नव्या करदोड्यात ओवला. केंद्राला फोन करून कळवलं, की वडील वारले, महिनाअखेरीशिवाय यायला जमणार नाही. डॉक्टर मुजावर हळहळल्या. "सावकाश या," म्हणाल्या.

सुतक फिटल्यावरच्या पहिल्या रविवारी सारिका त्याच्याशेजारी येऊन बसली. गुळगुळीत डोक्यावरून तिनं हात फिरवला. मग तो हात पाठीमागं गेला आणि मण्यावर थांबला. दिग्विजयला ती फार हवीशी वाटली. बाप गेल्यावर जगात आपलं म्हणावं असं हेच एक माणूस आहे, असं वाटलं. अंगात काही हललं नाही. मणी लाकडाचा होता. तो कसला थरथरणार?

तिनं हात बराच वेळ तसाच ठेवला. "आबांचं दुख हाय," ती शेवटी म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

त्याच्या पुढच्या रविवारी तसंच झालं. त्या वेळी तिनं आबांचं नाव घेतलं नाही. तिसऱ्यांदा तिनं हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. दिग्विजय आपल्याच परीक्षेत इतका गुंतला होता, आपण नापास झालो याचंच त्याला इतकं वाईट वाटत होतं, की त्याच वेळी तिचाही निकाल लागतो आहे हे त्याला दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात उशी कपाटातून बाहेर आली.

महिनाअखेरीला तो केंद्रावर गेला. डॉक्टरांनी वाचक-यंत्र मण्याला लावलं, पुन्हा लावलं, मग मणी बोटांत धरून उजेडाकडे नेला. दिग्विजयनं सगळं सांगितलं, घाट, कातर, आण्णा, दुकान. रागावणं ऐकायची तयारी त्यानं केली होती. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"परवा तुमच्या मिसेस येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "त्यांनी वही परत केली. चाचणीतून नाव काढून घेतलं. एकच प्रश्न विचारला त्यांनी मला, दोरा बिघडू शकतो का."

"तुमी काय सांगितलं?"

"मी तुमच्या जुन्या नोंदी पाहिल्या. उत्तम चालत होता. म्हणाले, एकशे बारा जणांत अजून एकही बिघडलेला नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं तेच सांगितलं मी. त्या नुसतं बरं म्हणाल्या आणि गेल्या."



"पहिल्या टप्प्यात आम्हीही लोकांना खोटे दोरे दिले, दिग्विजयराव," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण सांगून दिले. तुम्ही मिसेसना न सांगता बांधलात." मग स्वतःशीच बोलावं तसं त्या म्हणाल्या, "आणि मी त्या दिवशी ढोबळमानानं म्हणाले होते. तिथं थांबून नीट समजवायला हवं होतं. माणूस दमलेला असतो, दुःखात असतो, त्याचं प्रेम असतं आणि निरोप निघत नाही. हे सगळं सांगायचं राहिलं."

त्यांनी कपाटातून नव्या दोऱ्याची डबी काढून त्याच्या हातात दिली.

तो घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. सारिका पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मोठी बॅग उघडी. खाकी गणवेशाचे दोन जोड वर ठेवलेले. तिनं पुण्याच्या आगारात बदली मागितली होती, पोरीजवळ राहता येईल म्हणून, आणि ती मिळालीही होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. हे ती त्याला रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगणार होती. त्याला दारात बघून तिनं ते आत्ताच, अगदी साधेपणानं सांगितलं.

दिग्विजय उंबऱ्यातच उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, हेव्याचंही नाही. ते सांगताना तर त्याला स्वतःचीच शिसारी आली. सारिकाच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"म्हंजे मी लाकडाला इचारत हुते," ती म्हणाली. "तीन येळा."

"मनात हुतं गं माझ्या. तिन्ही येळा हुतं. आईशप्पथ."

ती त्याच्या तोंडाकडे बघू लागली. एकेकाळी ती प्रवाशांकडे बघायची, तशीच. डोळे, ओठांचे कोपरे, मान. दिग्विजय तिच्यासमोर खऱ्याचं तिकीट हातात धरलेल्या माणसासारखा उभा होता, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. मग तिनं मान हलवली.

"येत न्हाई आता," ती म्हणाली. "मोडली सवय."

त्यानं घाईघाईनं डबी काढली. "हे बघ, नवा दिलाय डॉक्टरांनी. आत्ता बांधतो. हात लाव, तुझं तुलाच कळंल."

"आत्ताचं कळंल. मी जायला निगालीया म्हनून आत्ता तर थरथरंलच. त्या तीन दिसांचं कोन सांगनार?"

त्या तीन रविवारांची नोंद कुठल्याच मण्यात नव्हती. ती फक्त त्याच्या सांगण्यात होती, आणि ते सांगणं किती वजनाचं आहे हे दोघांनाही समजलं होतं. तीन वर्षं तो खरं बोलला होता, तेव्हा तिनं मानलं नव्हतं. यंत्रानं सांगितलं, तेव्हा मानलं. मग यंत्राच्या नावानं तो खोटं वागला, तेही तिनं मानलं. आता पुन्हा तो खरं बोलत होता.

सारिका उठली. ती त्याच्याजवळ आली, आणि सवयीनं म्हणा, कशानं म्हणा, तिचा हात त्याच्या सदऱ्याखालून पाठीमागं गेला. तळवा लाकडी मण्यावर टेकला. मणी गप्पच होता. पण या वेळी तिनं हात काढला नाही. दिग्विजयला तिच्या तळहाताची ऊब लागत होती. त्याला रडू येत होतं आणि हलायची भीती वाटत होती. डबी अजून त्याच्या मुठीत होती.

"उघडू का ही?" त्यानं विचारलं.

"नगं." तिनं मान वर केली. तिचेही डोळे भरले होते. "परत सांगा तिन्ही दिसांचं. सावकाश सांगा." आणि मग अगदी खरोखरच माहीत नसल्यासारखं तिनं विचारलं, "पर मानसाचं नुसतं ऐकून खरं कसं मानायचं असतंय, तुमास्नी आठवतंय का?"